बातमी सांगणाराचा व्यवसाय

शालान्त परीक्षा जवळ आली कीं "पुढें काय होणार?" हा प्रश्न घरोघर निघतो. "मी वृत्तनिवेदक होणार," असें उत्तर हल्लीं पुष्कळ मुलेंमुली देतात. उत्तर चांगलें आहे. परंतु व्यवसायाचें खरें स्वरूप जाणल्यावांचून दिलेलें उत्तर पुढें पश्चात्तापास कारण होतें. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

मुंबईचें नभोवाणी केंद्र ता. २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. दूरदर्शनचा आरंभ दिल्लीस ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला व मुंबईचें केंद्र ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. आज खाजगी वृत्तवाहिन्यांची भर पडून बातम्यांचा ओघ अहोरात्र चालू असतो.

पडद्यावर दिसतो तोच वार्ताहर, ही समजूत चुकीची आहे. घटनास्थळीं जाऊन माहिती मिळविणारा वार्ताहर, दृश्यें टिपणारा चित्रग्राहक, शब्द तोलून पाहणारा संपादक, ध्वनि सांभाळणारा तंत्रज्ञ, इतक्यांच्या हातून गेल्यावर बातमी निवेदकापाशीं येते. गोड आवाज हा गुण खराच. पण तो शेवटचा.

पहिला गुण भाषेचा. वर्तमानपत्राचा वाचक न कळलेलें वाक्य पुन्हां वाचूं शकतो. श्रोत्यास ती सोय नाहीं. "पुरामुळें संपर्क तुटलेल्या नदीकांठच्या पांच गांवांतील ग्रामस्थांना सुरक्षित स्थळीं हलविण्यांत आलें" हें वाक्य कागदावर चालेल. बोलतांना म्हणावें, "नदीला पूर आला आहे. कांठचीं पांच गांवें तुटलीं आहेत. तेथील लोकांस सुरक्षित जागीं हलविलें आहे."

दुसरा गुण याहून मोठा, तो म्हणजे सत्याची खातरजमा. ता. २२ मार्च १९७९ रोजीं जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत अत्यवस्थ होते. त्यांचें निधन झालें, असें पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं लोकसभेंत जाहीर केलें. आकाशवाणीनें ती वार्ता देशभर पोंचविली. शाळा व दुकानें बंद झालीं, लोक शोकाकुल झाले. आणि मग कळलें कीं, जयप्रकाशजी जिवंत आहेत! त्यांचें निधन पुढें ता. ८ ऑक्टोबर १९७९ रोजीं झालें. सांगणारा कितीही थोर असो, "त्यांनीं असें सांगितलें" आणि "असें झालें" या दोन वाक्यांत अंतर आहे. रुग्णालयांत विचारपूस केल्यावांचून तें अंतर ओलांडूं नये. दहा मिनिटें उशिरां दिलेली खरी बातमी लोक विसरतात. घाईनें दिलेली खोटी बातमी विसरत नाहींत.

या मार्गास लागूं इच्छिणारानें प्रथम कोणत्याही विषयाची पदवी मन लावून घ्यावी. कारण शेती, कायदा, अर्थकारण यांपैकीं कांहींच ठाऊक नसेल तर प्रश्न तरी काय विचारणार? नंतर वृत्तविद्येचें शिक्षण घ्यावें. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा असा विभाग पुण्यांत 'रानडे इन्स्टिट्यूट' या नांवानें प्रसिद्ध आहे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ सालीं स्थापन झाली असून तिचें एक केंद्र अमरावतीस आहे.

पालकांसही एक विनंती. या कामास सणवार नाहीं, रात्र नाहीं. दिवाळीच्या दिवशींही मुलगी कामावर असेल. कीर्ति थोड्यांच्या वांट्यास येते. हें सर्व मुलांस मोकळेपणें सांगावें, आणि तरीही त्यांचा निश्चय टिकला तर आडवें येऊं नये.

अभ्यास मात्र आजच आरंभितां येईल. रोज एक बातमी ऐका, ती पांच वाक्यांत लिहा व घरांत आजीला वाचून दाखवा. तिला काय समजलें, तें विचारा. मग स्वतःस विचारा, "हें मला कसें कळलें? प्रत्यक्ष कोणीं पाहिलें?" या प्रश्नाचें उत्तर नसेल तेव्हां "अद्याप खात्री झालेली नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं आहे, त्यानें हा व्यवसाय खुशाल पत्करावा.