नडगीची जखम

१. नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबून बघा. कातडीखाली थेट हाड लागतं. त्यामुळे दुचाकी घसरली की इथलं हाड उघडं पडतं, आणि वरचं आवरण खरवडून गेलेल्या हाडावर मांडीची पातळ कातडी धरत नाही. स्वतःचा रक्तपुरवठा सोबत आणणारं मांस किंवा कातडी लागते. तोच फ्लॅप.

२. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, मांस कुठनं काढणार?" गुडघ्याखाली जखम असेल तर पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमियस वळवतो, नडगीच्या मध्यावर सोलियस. घोट्याजवळ मात्र पंचाईत; तिथे स्नायू संपून नुसत्या कंडरा उरतात. मग मांडीचं किंवा पाठीचं मांस आणून त्याच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या, नाहीतर पोटरीमागची कातडी उलटी खाली फिरवायची. ही दुसरी रीत सर्जन मास्केले यांनी 1992 मध्ये मांडली. मायक्रोस्कोप नसलेल्या ठिकाणी ती आजही पाय वाचवते.

३. शिकाऊ डॉक्टर फ्लॅपची आकृती काढत बसतात. मी विचारतो, मेलेलं किती काढलंस? चिमटा घेतल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त येत नाही, तो स्नायू ठेवायचा नाही. सुट्या पडलेल्या हाडाच्या तुकड्यावरही माया नको. उत्तम फ्लॅपखाली राहिलेली घाण पू होऊन वर येतेच.

४. हे सगळं किती लवकर करायचं? ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोडिना यांनी 1986 मध्ये 532 रुग्णांचा हिशेब मांडला. 72 तासांच्या आत केलेल्या फ्लॅपमध्ये शंभरात एकही धड फसला नव्हता; नंतरच्या तीन महिन्यांत केलेल्यांत बारा फसले. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला पाय तालुक्याला रॉड टाकून, आठवडाभर ड्रेसिंग करून मग येतो. हाडाच्या डॉक्टरांनी जखमेच्या पहिल्या धुण्यालाच आम्हा प्लास्टिक सर्जनना फोन करावा, एवढंच मागणं आहे. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये हाडाचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन सुरुवातीपासून एकत्र बसतात.

५. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" येतं. "मिश्री लावता का?" विचारा. तीही तंबाखूच, आणि तंबाखूने फ्लॅपचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

६. फ्लॅप पांढराफटक पडला तर रक्त पोचत नाही. निळा पडून फुगला तर परतत नाही. रात्री दोनलाही ड्रेसिंग सैल करा, गरज पडल्यास टाके सोडा आणि मला उठवा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

७. फ्लॅपनंतर पाय खाली सोडायचा तो आधी काही मिनिटंच. फ्लॅपचा फुगवटा पाहून मुलींच्या आया विचारतात, "लग्नाआधी हा गोळा बारीक होईल ना?" होतो. पण हाड जुळून पोरगी चालायला लागल्यावर.