तांब्याच्या रंगाचा पक्षी : टुराको

मोराचे पीस उजेडासमोर धरून पाहा. त्याचा निळा-हिरवा रंग जाऊन ते तपकिरी दिसते. म्हणजे तो रंग रंगद्रव्याचा नसून पिसातील सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसतो. बहुतेक पक्ष्यांचा निळा-हिरवा रंग असाच रचनेतून येतो.

आफ्रिकेच्या जंगलातील टुराको मात्र याला अपवाद आहे. याच्या पुष्कळ जातींचे अंग हिरवे असते आणि उडताना पंखांतील किरमिजी पिसे झळकतात. हे दोन्ही रंग खऱ्या रंगद्रव्यांचे आहेत आणि दोहोंत तांबे असते. लाल द्रव्य टुरासिन. १८६९ साली चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यातील तांबे ओळखले. त्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के भरते. सौम्य अल्कलीत हे द्रव्य विरघळते. हिरवे द्रव्य टुराकोव्हर्डिन.

हे तांबे येते कोठून? अर्थातच अन्नातून. म्हणून टुराको पाळणाऱ्याला आहाराकडे बारकाईने पाहावे लागते. बारीक चिरलेली पपई, सफरचंद, द्राक्षे आणि पालेभाजी हा त्याचा मुख्य आहार. लोह मात्र बेताचेच हवे. जादा लोह यकृतात साठून पक्षी दगावू शकतो. आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते, म्हणून संत्री-मोसंबी टाळतात.

हा पक्षी फांद्यांवरून खारीसारखा धावतो. त्यामुळे पिंजरा लांब हवा आणि त्यात आडव्या फांद्या व दाट झुडपे हवीत. झुडपांचे आणखी एक कारण आहे. विणीच्या काळात नर कधीकधी मादीवर तुटून पडतो, तेव्हा तिला लपायला जागा लागते. खाद्याची भांडीही दोन ठेवावीत.

काटक्यांच्या विरळ घरट्यात मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे तीन आठवडे अंडी उबवतात. पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडून फांद्यांवर चढू लागतात, म्हणून घरट्याभोवती फांद्या असणे आवश्यक.

पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले प्राणिसंग्रहालयांना मिळाली, तर जंगलातून पक्षी पकडावे लागत नाहीत. परंतु कॅमेरूनच्या डोंगरांतील बॅनरमनचा टुराको जंगलतोडीमुळे धोक्यात आहे. त्याला पिंजरा नव्हे, जंगलच वाचवील.

आता एक प्रश्न : मोराचे पीस आणि टुराकोचे लाल पीस कुटून पूड केली, तर कोणाचा रंग टिकेल? का?