तव्यावरचं मटण आणि रानाची चव

बाळा, मोबाइलवर तू जे बघतोस ना, तापल्या तव्यावर घासाएवढे तुकडे टाकले, दोन मिनिटांत उलटले आणि ताटात घेतले, ते गाई-बैलाच्या पाठीकडच्या कोवळ्या मांसाचं काम आहे. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होती, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला ती बंदी नाही. पण आपल्या घरात शिजतं ते बोकडाचं, आणि बोकडाच्या मांडीला दोन मिनिटं पुरत नाहीत. ती रीत वेगळी आहे. ती नीट ऐक.

मटण आणायला सकाळी लवकर जा, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात जा नाहीतर आपल्या नेहमीच्या दुकानात. नुसतं ‘फ्रायसाठी द्या’ म्हणू नकोस. ‘लहान बोकडाची मांडी द्या, हाड वेगळं काढा, मांसाचे तुकडे करू नका’ असं सांग. मांस गुलाबीसर लाल हवं, चरबी पांढरी. बोटाने दाबलं की पडलेला खड्डा भरून आला पाहिजे. काळपट, चिकट मांस दिसलं की मागे फीर, त्या दिवशी पिठलं-भाकरी खाऊ. वेगळं काढलेलं हाड आणि मूठभर चरबी मात्र मागून घे, दोन्हींचं काम आहे.

आणलेलं मटण त्याच दुपारी तव्यावर नको. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात आणि पुढे हळूहळू सैल पडतात. अशा आखडलेल्या वेळी शिजवलेलं मटण कितीही शिट्ट्या केल्या तरी चिवट लागतं. एकदाच धुऊन, निथळून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी त्यावरचा पातळ पांढरा पडदा सुरीने सोलून काढ. तो शिजत नाही, आगीवर आकसतो आणि तुकडा वाकडा करतो. मग मांसाचा धागा कुठल्या दिशेने जातो ते बघ आणि सुरी त्याच्या आडवी चालव. धाग्याच्या बाजूने कापलं तर खाणाऱ्याला दाताने तोडत बसावं लागतं. तुकडा इंचभराचा ठेव, त्याहून लहान केलास तर आतून कोरडा पडेल.

कच्च्या पपईचं वेड सगळ्यांना असतं. पपईतलं पपेन मांस मऊ करतं हे खरं, पण ते थांबत नाही. अर्ध्या किलोला चहाचा एक चमचा वाटण, अर्धा तास, बस. रात्रभर लावून ठेवलंस तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो आणि आत मांस तसंच राहतं. मी तर दहीच लावते. आंबटपणा हळू चढतो आणि चुकायला जागा कमी असते. दोन्ही एकत्र लावायचं नाही.

आता अळणी. पातेल्यात ते हाड, मटण, हळद, आलं-लसणाचं वाटण, थोडं मीठ आणि मटण बुडेल एवढं गरम पाणी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू दे. कुकर वापरायचा तर एक शिट्टी झाली की वाफ जाऊ दे आणि उघडून बघ. सुरीचं टोक सहज आत गेलं पाहिजे, पण तुकडा फुटता कामा नये. इथे घाई करणारे पाच शिट्ट्या करतात आणि मग तव्यावर मटणाचा चुरा परततात. उरलेलं पाणी ओतून देऊ नकोस. त्यातच घरातल्या लहानांची वाटी आणि आपला रस्सा असतो.

अळणीतून काढलेले तुकडे स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे कर. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून कारणासकट सांगते. मांसावर ओल आहे तोवर तिथली उष्णता शंभर अंशांच्या पुढे जात नाही, सगळी आग पाण्याची वाफ करण्यात जाते. तो खमंग तपकिरी रंग चढायला साधारण 140 ते 150 अंश लागतात. ओला तुकडा तव्यावर टाकलास तर तो भाजला जात नाही, पुन्हा उकडला जातो. तवा लोखंडी किंवा बिडाचा घे, नॉनस्टिक त्या दिवशी कपाटातच राहू दे. गॅस मोठा. शेंगदाण्याच्या तेलात ती चरबी टाकून वितळू दे, तव्यातून हलका धूर दिसला की तुकडे सोड, एकमेकांना न चिकटता, एका वेळी तव्यावर मावतील त्याच्या निम्मेच. मग हात मागे घे. उलथनं फिरवत बसायचं नाही. तुकडा भाजला की आपोआप तवा सोडतो, तेव्हाच उलट. आवाजाकडे कान ठेव. चर्र असा कोरडा आवाज हवा, फसफस ऐकू आली की तव्यावर पाणी सुटलंय, अर्धे तुकडे बाहेर काढ.

मसाला शेवटी, गॅस बारीक करून. आधी टाकलास की तिखट जळतं, घर ठसकतं आणि कडू चव लागते ती वेगळीच. कांदा लांबट चिरून दुसऱ्या कढईत परतून ठेव आणि उतरवताना मिसळ.

मसाल्याच्या बाबतीत तुझं नशीब मोठं आहे, तू गुलटेकडीला राहतोस. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात उन्हाळ्यात बायका वर्षाचा मसाला भरायला येतात, त्यांच्या मागे उभा राहून बघ त्या काय हातात घेतात. रंगासाठी ब्याडगी घे, ती सुरकुतलेली असते आणि तिखट कमी. तिखटाला संकेश्वरी, नाहीतर लवंगी. मिरची कानाजवळ हलवून बघ, बी खुळखुळलं पाहिजे, देठ कडकन मोडला पाहिजे. ओलसर मिरची वजनाला जास्त भरते आणि डब्यात बुरशी धरते. दगडफूल, मसाला वेलची, जायपत्री, शहाजिरं, तमालपत्र हे थोडं थोडं घे. दगडफूल चाळून घे, त्यात माती असते. भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, आणि दगडफूल सगळ्यात शेवटी, अगदी क्षणभर.

कलेजी मात्र या सगळ्या रीतीबाहेरची. तिला अळणी नाही, दही नाही. कोरडी करून पातळ काप, तापला तवा, दोन्ही बाजूंनी भाजून मधली कच्ची लाली जाईतो, आणि मीठ उतरवताना. जास्त वेळ ठेवलीस तर ती रबरासारखी होते.

आता तुझा दुसरा प्रश्न, रानातल्या शिकारीचा. मुळशी-मावळकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सशाची, तित्तराची, रानडुकराची वर्णनं तू ऐकली असशील. आपल्याकडे ही हौस फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात डुकराचं, हरणाचं मांस कसं भाजावं ते लिहिलेलं आहे. पण त्या चवीचं मर्म मी सांगते. पळवून पळवून मारलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. त्याचं मांस काळसर, कोरडं होतं आणि लवकर खराब होतं. रानातल्या जनावराच्या अंगावर चरबीही कमी. म्हणून जुने लोक ते ताकात भिजवायचे, वरून चरबी घालायचे, जहाल मसाला लावायचे आणि कोळशावर धुरी द्यायचे. शिवाय बंदुकीचे शिशाचे छर्रे मांसात राहायचे, ते पोटात जाणं म्हणजे विष. जिभेवर रेंगाळायचा तो मसाला आणि धूर, आणि दोन्ही तुझ्या स्वयंपाकघरात आहेत. शिजलेल्या मटणाच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेव, त्यावर तुपाचे चार थेंब, वर घट्ट झाकण, पाच मिनिटं. खिडकी तेवढी उघडी ठेव.

लहान पक्ष्याचीच हौस असेल तर फार्मवर पाळलेली जपानी बटेर आण. कातरीने पाठीचा कणा कापून ती पुस्तकासारखी उघड, दाबून सपाट कर, आलं-लसूण आणि दही लाव, आणि तुपावर मध्यम आचेवर शिजव. तिच्या अंगावर मांस थोडं असतं, मोठ्या आचेवर ते लगेच सुकतं. पण पक्षी कच्चा राहू द्यायचा नाही, जाड भागातून निघणारा रस स्वच्छ दिसला पाहिजे.

ससा, तित्तर, घोरपड, रानडुक्कर यांच्या वाटेला मात्र जायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होते, घोरपडीसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर सरकारी परवान्याने मारलं तरी ते सरकारची मालमत्ता असतं, शेतकऱ्याच्या चुलीवर चढत नाही. उद्या एखादा मित्र ‘गावाकडून आणलंय, कुणाला सांगू नकोस’ म्हणत डबा पुढे करेल. तो डबा घेऊ नकोस, आणि शिकारीचा धंदा चाललेला दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळव.