नीट हुकली म्हणून बायोटेक? जरा थांबा

नीटचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस फोन खाली ठेवता येत नाही. माणसं वेगळी, गावं वेगळी, प्रश्न मात्र ठरलेला. ‘सर, मार्क कमी पडले. एमबीबीएस होत नाही, खासगी बीडीएस परवडत नाही. बायोटेक कसं राहील? त्याला पुढं स्कोप आहे म्हणतात.’ बोलणारे बहुधा वडील असतात. मागून आई एखादा मुद्दा सुचवत असते. आणि ज्याला पुढची चार वर्षं शिकायचं आहे त्याचा आवाज त्या सगळ्या बोलण्यात एकदाही ऐकू येत नाही.

उत्तर लांबवत नाही. डॉक्टरकी हुकल्याची भरपाई म्हणून बायोटेक घेणार असाल, तर घेऊ नका.

माहितीपत्रकावर पांढरा कोट आणि हिरव्या द्रावणाची परीक्षानळी असते. प्रत्यक्षात अनेक खासगी महाविद्यालयांत डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआरचं यंत्र एकच, त्याभोवती अख्खी बॅच उभी, आणि हात लावायचा तो फक्त प्रयोगशाळा सहायकाने. चार वर्षांनी पदवी मिळते तेव्हा कळतं की संशोधन करायचं तर एमएस्सी आणि पीएचडी करावीच लागणार. मग काही मुलं औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात लागतात, काही आयटीच्या भरतीच्या रांगेत उभी राहतात. त्या नोकऱ्यांत कमीपणा काहीच नाही. पण त्यासाठी एवढी फी भरायची गरज नव्हती, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला आयसरसारख्या संस्थेत प्रवेश मिळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि बेलाशक जा. बाकीच्यांनी पुढं वाचा.

या गर्दीत काही मुलं अशीही निघतात की ज्यांना झाडापानांत, बियांत, जनुकांत खरोखरच रस असतो. बायोटेक हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून उचललेला असतो. अशांसाठी एक वाट आहे, आणि ती कुणी विचारत नाही: वनस्पती पैदासकार, म्हणजे पिकांचे नवे वाण घडवणारा प्लांट ब्रीडर.

बातमी कोणती ते बघू. मे २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’, ऊर्फ कमला. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’. त्यांत वापरलेल्या क्रिस्पर तंत्राचं नाव त्या दिवशी घरोघरी पोचलं. ज्या तंत्रासाठी शार्पेंतिए आणि डाउडना या दोघींना २०२०चं नोबेल मिळालं, तेच हे. कमला मूळ वाणापेक्षा सुमारे वीस दिवस लवकर तयार होतो, तर पुसाचा वाण खारवट जमिनीत तग धरतो. पण कमला घडवला तो सांबा महसुरीत बदल करून, आणि सांबा महसुरी १९८६मध्ये आंध्रातल्या बापटला केंद्रावर साध्या संकरातून आलेली. आधी ती होती, शेतकऱ्याला आवडलेली होती, तिचे गुणदोष माणसांना पाठ होते, म्हणून नेमकं कुठलं जनुक बदलायचं हे ठरवता आलं. बदल केल्यावरही रोपं पुन्हा शिवारात लावून, जागोजागी चाचण्या घेऊनच वाण बाहेर पडला. प्रयोगशाळेतलं काम या साखळीतली एक कडी आहे. आपली मुलं तेवढीच बघतात.

याहून बोलका दाखला पुराच्या भाताचा. ओडिशातला एक जुना गावरान भात, ‘एफआर १३ ए’, पंधरवडाभर पाण्याखाली राहिला तरी मरत नाही, हे शास्त्रज्ञांना अनेक दशकं ठाऊक होतं. पण त्याचा उतारा कमी आणि दाणा कुणाला न आवडणारा. साधा संकर केला की पूर सोसायच्या गुणाबरोबर हे सगळे अवगुणही मागे येत. शेवटी फिलिपीन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ इथल्या शास्त्रज्ञांनी ‘सब-१ए’ हे जनुक नेमकं ओळखलं आणि २००६मध्ये प्रसिद्ध केलं. हे जनुक असलेलं रोप पाण्याखाली उंच व्हायची धडपड करत नाही. वाढ थांबवतं, साठा राखून ठेवतं आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतं. मग डीएनएच्या खुणा तपासत, पिढीमागून पिढी स्वर्णा या लोकप्रिय वाणाशी संकर करत तेवढाच गुण स्वर्णात उतरवला. २००९मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात आला. यात परकं जनुक घातलेलं नाही, त्यामुळे जीएमचा वादही नाही. जनुक शोधणारे प्रयोगशाळेत होते हे खरं. पण स्वर्णाच्या हजारो रोपांतून कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटून टाकायचं, हे चिखलात उभं राहूनच ठरलं.

आपल्याकडे कामाची वानवा आहे का? डाळिंबाचा भगवा वाण देशभर गेला आणि तेल्या रोगाने बागा बसल्या. सांगली-कोल्हापुरात उसाखालची जमीन खारावते आहे. बीटी कपाशी २००२मध्ये आली आणि गुलाबी बोंडअळीने तिला पचवलं. सोलापूरची मालदांडी ज्वारी मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याआधी निवडलेली. हिवाळ्यातल्या नुसत्या ओलीवर ती अजून पिकते, पण तिच्यापेक्षा सरस भाकरी देणारा आणि जास्त पिकणारा वाण काढणं भल्याभल्यांना जड गेलं आहे. हे प्रश्न बॉस्टनची प्रयोगशाळा सोडवणार नाही.

हे सांगितलं की समोरचे वडील गप्प होतात आणि मग ते वाक्य येतं: ‘सर, आम्ही शेतातून बाहेर काढायला शिकवलं, तुम्ही परत शेतात पाठवता?’

या वाक्यामागचं दुःख मला कळतं. भाव पडलेला कांदा रस्त्यावर ओतून आलेल्या माणसाने मुलाला शेतापासून लांब ठेवावं यात नवल नाही. पण तुम्ही त्याला ज्यातून सोडवू बघता तो तोट्याचा धंदा आहे, आणि मी सांगतो तो पगारी शास्त्रज्ञाचा पेशा आहे. दोन्हीकडे पायाला माती लागते, एवढंच साम्य. भारतीय कृषी संशोधन परिषदेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू होणाऱ्याचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करतानाच महिना ३७,००० रुपये मिळतात. एवढ्यावर समाधान नसेल तर सरळ म्हणा की आम्हाला मुलाच्या नावापुढे ‘डॉ.’ हवं आहे. ते पीएचडीनेही लागतं, पण नातेवाइकांना ते चालत नाही, ही खरी अडचण आहे.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच. ‘उन्हातान्हात हिंडणार, काळवंडेल, लग्नाचं काय’ हे मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. जालन्याच्या बियाणे पट्ट्यात सरकीचं संकरित बी तयार होतं ते बायकांच्या हातांनी. आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा, असं एकेक फूल करत. मजुरीवर हे काम बाईने केलेलं चालतं, शास्त्रज्ञ म्हणून मुलीने केलेलं चालत नाही, हा कुठला न्याय?

आणखी एक. दहावीपासून क्लास, टेस्ट सिरीज, रँक यांत वाढलेल्या मुलाची बघण्याची सवय मोडलेली असते. या पेशात तीच लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे शाळा फारशी शिकले नव्हते. १९८३मध्ये पटेल-३ भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या वेगळ्या ठेवून, पेरून, पुन्हा निवडून त्यांनी जो वाण काढला तो ‘एचएमटी’ नावाने आज आपल्या ताटात आहे. तंत्र कितीही पुढं गेलं तरी वेगळी लोंबी दिसणं ही पहिली पात्रता आहे, आणि तिची टेस्ट सिरीज निघालेली नाही.

आता मार्ग, थोडक्यात. बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, मग बीएस्सी (ऑनर्स) कृषी, चार वर्षं. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं. जैवतंत्रज्ञानच हवं असेल तर परभणी विद्यापीठाचं लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. पुढं एमएस्सी, त्यासाठी राज्याची सीईटी किंवा कृषी संशोधन परिषदेची परीक्षा. विषय घ्यायचा तो आनुवंशिकी व वनस्पती पैदासशास्त्र. साधी बीएस्सी बॉटनी केलेल्यांना जीएटी-बी ही प्रवेश परीक्षा देऊन काही विद्यापीठांत कृषी जैवतंत्रज्ञानाची एमएस्सी करता येते. मात्र नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता आधी वाचा, कारण पैदासकाराच्या पदाला बहुतेक ठिकाणी त्याच विषयाची पदवी मागतात.

बारावीला गणित सोडलं म्हणून सुटलो असं समजू नका. शेतातल्या प्रयोगाची आखणी आणि निकालाचं विश्लेषण म्हणजे निखळ संख्याशास्त्र. त्याचं जे पुस्तक देशभरच्या कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं ते पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी माणसांनी लिहिलेलं. आता त्यावर संगणकाची भाषा आणि जनुकीय माहितीचे डोंगर आले आहेत. ज्याला झाड कळतं आणि कोडिंगही येतं, त्याला बियाणे कंपन्या शोधत येतात.

दोन इशारेही देतो. पहिला, कृषी महाविद्यालयात शिरताच हॉस्टेलच्या खोलीत एमपीएससीची पुस्तकं उघडली जातात आणि चार वर्षं पिकाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुमचा मुलगा तेच करणार असेल तर कुठलीही पदवी चालेल, कृषीची जागा अडवू नका. दुसरा, हे काम हळू चालतं. संकरापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. कृत्रिम उजेडात वर्षाला अनेक पिढ्या घेण्याचं तंत्र आलं आहे, पण शेतातल्या चाचण्यांचे हंगाम कुणाला वाचवता आलेले नाहीत. राज्याच्या विद्यापीठांत पदं रिकामी असूनही भरती वेळेवर होत नाही, हेही लपवत नाही. म्हणून जालना, नागपूर, संभाजीनगरच्या बियाणे कंपन्या, जळगावची केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांची प्रयोगशाळा, पुण्याची आघारकर संस्था, तुर्भ्याचं भाभा केंद्र हे सगळे पर्याय डोळ्यांसमोर हवेत. अणुसंशोधन केंद्रात शेंगदाण्याचं काय काम, असं वाटेल. तुर्भे आणि अकोला यांनी मिळून काढलेला ‘टॅग-२४’ भुईमूग तुमच्या आजोबांनी पेरला असेल, त्यांना विचारा.

ज्यांना जंगल आवडतं त्यांनी दापोली किंवा अकोल्याची वनशास्त्राची पदवी बघावी. पुढं कोइमतूरला वन आनुवंशिकी व वृक्ष पैदास संस्था आहे. जागा थोड्या, स्पर्धाही थोडी, आणि धीर मात्र पिकांच्या कितीतरी पट. अमेरिकेतला चेस्टनट वृक्ष १९०४च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दिसलेल्या बुरशीने पन्नासेक वर्षांत जवळजवळ संपवला. अंदाजे चारशे कोटी झाडं गेली. सिरॅक्यूजच्या संशोधकांनी तीन दशकं खपून त्यात गव्हाचं एक जनुक घातलं, बुरशीचं आम्ल मोडून काढणारं. डिसेंबर २०२३मध्ये उघड झालं की ज्या झाडांना ते ‘डार्लिंग ५८’ या आपल्या वाणाची समजून तपासत होते ती प्रत्यक्षात ‘डार्लिंग ५४’ होती. रोपांची अदलाबदल झाली होती, आणि चेस्टनटसाठी झटणाऱ्या मुख्य संस्थेने पाठिंबा काढून घेतला. जर्नलमध्ये सुबक लेबल चिकटवायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी हा प्रसंग वाचून मग ठरवावं. आणि उलटंही घडतं. फुलायला कित्येक दशकं घेणारा बांबू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काचपात्रातच, रोपअवस्थेत फुलला. नाडगौडा, पारशरामी आणि मस्करेन्हस यांचा तो शोधनिबंध १९९०मध्ये ‘नेचर’ने छापला.

पालकांनो, फी भरण्याआधी एवढं करा. मोहोळची ज्वारी, पाडेगावचा ऊस, कर्जतचा भात, निफाडचा गहू, बदनापूरची तूर, राजगुरुनगरचा कांदा, यांतलं जे संशोधन केंद्र जवळ असेल तिथे आधी विचारून मुलाला एक दिवस पाठवा. अकोल्याच्या विद्यापीठाची शिवार फेरी असेल तर तीही चालेल. पैदासकाराच्या मागे बांधाबांधाने हिंडू द्या, ऊन लागू द्या, प्रश्न त्यालाच विचारू द्या. तुम्ही सोबत जाऊ नका. परतल्यावर तो नको म्हणाला तर फार्मसी, नर्सिंग, बीसीए, काय हवं ते घ्या. हो म्हणाला तर कृषीच्या प्रवेशाचा अर्ज त्याच रात्री भरा, आणि मला फोन करायचा असेल तर तो त्याने करावा.