महालक्ष्म्यांची वही

भाद्रपद लागला. गणपती बसले. आता पाथरीच्या बाजारात खण, बांगड्या, कापसाची वस्त्रे आणि फुलोऱ्याचे सामान दिसू लागते. बाया एकमेकींना विचारतात, "तुमच्याकडच्या उभ्या असतात का बसलेल्या?" नाव घ्यावे लागत नाही. कोणाबद्दल बोलणे चालले आहे, ते सगळ्यांना ठाऊक असते.

पुण्याकडे ह्याच सणाला गौरी म्हणतात. कोकणात तेरड्याची रोपे आणून गौर मांडतात. काही घरी नदीवरचे खडे आणून पुजतात. आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात मात्र महालक्ष्म्या म्हणतात. थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. दोघी बहिणी. तीन दिवसांसाठी माहेरी येतात, असे आपण समजतो.

हे तीन दिवस नक्षत्रांवर धरलेले आहेत. अनुराधा नक्षत्रावर त्यांना घरात आणायचे. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा करून जेवू घालायचे. मूळ नक्षत्रावर बोळवण करायची. म्हणून तारीख दर साली वेगळी येते. भिंतीवरच्या कॅलेंडरात 'ज्येष्ठा गौरी आवाहन', 'पूजन' आणि 'विसर्जन' असे तीन दिवस लिहिलेले असतात. आवाहन म्हणजे बोलावणे. तुम्हाला आता वाचता येते. दुसऱ्याला विचारण्याआधी आपले आपण वाचून पाहा.

आता पाथरीतले एक घर डोळ्यांपुढे आणा.

घरात सासू, मुलगा, सून आणि दोन लेकरे. रानात कापूस आणि तूर. सासऱ्यांना जाऊन दीड वर्ष झाले. पहिल्या वर्षी घरात सण झाला नाही. ह्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या होत्या.

सण आठ दिवसांवर आला. सून म्हणाली, "आत्याबाई, मुखवटे काढायचे का? घासून ठेवू."

सासू म्हणाली, "काढ बाई. तूच काढ. मी आता हात लावायची न्हाई. सैपाक करते, चुलीपाशी बसते. पुढचं समदं तुझं तू बघ."

सून गप्प झाली. तिच्या लग्नाला सात वर्षे झाली होती. पण दर साली ती नुसती हाताखाली असायची. हे दे, ते आण. मांडायचे ते सासूच मांडायची. कोणत्या गोष्टीनंतर कोणती गोष्ट, हे सुनेला धड ठाऊक नव्हते. सासूला सगळे पाठ होते. पण नवरा गेला, म्हणून तिने आता देवीपुढे यायचे नाही, अशी रीत होती. ज्या बाईला सगळे येत होते, तीच दाराआड बसणार होती.

सुनेला एक युक्ती सुचली. ती साक्षरता वर्गाला जात होती. तिला आता जोडाक्षरेही लिहिता येत होती. तिने लेकराची एक कोरी वही घेतली आणि रात्री सासूजवळ बसली.

"आत्याबाई, तुम्ही सांगा. मी लिहिते."

"आगं, हे काय लिहायचं असतंय का? बघून बघून येतंय."

"बघायला तुम्ही पुढं असायला पाहिजे ना? तुम्ही तर दाराआड बसायलाव."

सासू थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली. सुनेने लिहिले ते असे:

पहिला दिवस. पितळी मुखवटे चिंचेने घासावेत. पत्र्याच्या कोठ्या पुसून घ्याव्यात. आत थोडे धान्य घालावे. कोठीला लुगडे नेसवावे. निऱ्या आधी घालून दोऱ्याने बांधाव्यात, मग पदर घ्यावा. सांजच्याला उंबरठ्यापासून हळदीकुंकवाची पावले काढावीत. मुखवटे ताम्हणात घेऊन पावलांवरून आत यावे. त्यांना सारे घर दाखवावे. चूल दाखवावी, धान्याची कोठी दाखवावी, गोठा दाखवावा. मग मुखवटे बसवावेत. पुढे लेकरे ठेवावीत.

दुसरा दिवस. पुरणावरणाचा सैपाक. हरभऱ्याची डाळ एक किलो, गूळ एक किलो. डाळ आणि गूळ सारख्या वजनाचे. सोळा भाज्या. भोपळा, दोडका, कारले, गवार, भेंडी, पडवळ, मेथी, अळू. अंगणात आणि रानात मिळेल ती आधी घ्यावी. राहिलेल्या बाजारातून. सोळा भरत नसतील, तर एकत्र करून एकच भाजी करावी. ज्वारीच्या पिठाची आंबील. कढी, भजी. वर फुलोरा टांगावा. आघाडा आणि दूर्वा विसरू नये.

तिसरा दिवस. सुताचे सोळा पदरी दोरे हळदीत भिजवावेत. सोळा गाठी माराव्यात. कानवल्याचा आणि दहीभाताचा निवद. अक्षता टाकून मुखवटे जरा हलवावेत. मग फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवावेत.

लिहिता लिहिता चार पाने भरली. सासू मधेच थांबली. म्हणाली, "माझी सासू दोरा घेताना काही म्हणायची. दोन ओळी होत्या. मला येत होत्या. आता आठवंनात. तवा कुणी लिहून घेतलं न्हाई. गेल्या त्या."

सुनेने वहीत दोन ओळींची जागा कोरी सोडली. आठवल्या तर लिहिता येतील म्हणून.

अनुराधा नक्षत्राचा दिवस आला. शेजारच्या काकू मदतीला आल्या. सुनेने वही उघडी ठेवून काम सुरू केले. पावले नीट निघाली. मुखवटे आत आले. पण थोरल्या महालक्ष्मीच्या निऱ्या काही केल्या थांबेनात. दोनदा बांधल्या, दोनदा सुटल्या. सासू आतल्या दारात उभी राहून बघत होती. तिचे हात आपोआप पुढे आले. लगेच तिने ते मागे घेतले.

सून म्हणाली, "या की आत्याबाई. मला येईना झालंय."

काकू म्हणाल्या, "आगं, असं कसं? रीत हाय. सवाष्णीचं काम हाय ते."

सून काकूंशी भांडली नाही. ती म्हणाली, "काकू, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुका आहे. तिथल्या हेरवाड गावाचं मी वर्गात वाचलं. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची न्हाईत. अख्ख्या गावानं ठरवलं. मग सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढलं आणि राज्यातल्या बाकीच्या गावांनी असंच करावं म्हणून सांगितलं."

"ते हेरवाडचं झालं," काकू म्हणाल्या. "आपल्या घरचं काय?"

सासू दारातूनच म्हणाली, "काकू म्हणतात ते खरं हाय. माझ्या सासूपासून चालत आलंय. मी न्हाई यायची. पण निऱ्या खालून बांध बाई. वरून बांधलीस तर सुटणारच." सुनेने तसे केले. निऱ्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. सून कहाणीची पोथी घेऊन बसली. अडखळत अडखळत वाचू लागली. कहाणी तुम्हाला माहीत असेल. एका गरीब ब्राह्मणाच्या घरी गौर आणायला पैसा नसतो. लेकरे हट्ट करतात. बाप कंटाळून जीव द्यायला तळ्याकडे निघतो. वाटेत त्याला एक म्हातारी भेटते. ती त्याची समजूत घालते. तो तिला घरी आणतो. घरात असेल ते तिला देतात. ती म्हातारी म्हणजेच गौर.

वाचून झाले. सुनेने पोथी मिटली आणि म्हणाली, "काकू, देवी ह्या घरात म्हातारी होऊन आली. दारात आलेल्या म्हातारीला त्यांनी आत घेतलं, म्हणून त्यांचं भलं झालं. आमच्या घरची म्हातारी आतच होती. आम्ही तिला दाराआड ठेवलं."

काकू काही बोलल्या नाहीत. सासूने डोळ्यांना पदर लावला. पण ती पुढे आली नाही.

तिसरा दिवस उजाडला. दोरे घ्यायचे होते. सून गाठी मारू लागली. मोजताना चुकायची. कधी पंधरा व्हायच्या, कधी सतरा. सूत हळदीने ओले, निसरडे. सासू बराच वेळ बघत राहिली. मग ती उठली, उंबरठा ओलांडून आत आली आणि सुनेजवळ बसली. "दे इकडं," म्हणाली. तिने न मोजता सोळा गाठी मारल्या. सुनेने मोजून पाहिल्या. बरोबर सोळा भरल्या.

सुनेने पहिला करंडा सासूपुढे धरला. सासू म्हणाली, "कुंकू नको बाई. माझ्या मनाची तयारी न्हाई. हळद लाव." सुनेने हळद लावली. आग्रह केला नाही.

मग काकूंनी आपला हात पुढे केला. त्या सासूला म्हणाल्या, "मलाबी तुमच्याच हातानं दोरा द्या." जरा थांबून सुनेला म्हणाल्या, "आणि तू ती वही घेऊन आमच्याकडं ये एक डाव. माझ्या सासूला समदं येतंय. तिचं वय झालंय."

वाचकहो, ह्या गोष्टीत काय घडले? रीत एका दिवसात बदलली नाही. सासूने अजून कुंकू लावले नाही. तो तिचा प्रश्न आहे. तिच्यावर जबरदस्ती करणे हीही एक बळजोरीच झाली असती. पण एवढे झाले, की ज्या बाईला सण येतो, ती सणात पुढे बसली.

घरचा सण मोठ्या खर्चाने टिकत नाही. तो येणाऱ्या माणसाने टिकतो. तुमच्या घरात अशी एखादी म्हातारी असेल. तिचा नवरा असो की नसो, तिच्या डोक्यात तुमच्या घरचा सण साठवलेला आहे. तिला पुढे बसवा. तिच्याकडून लिहून घ्या. तुम्हाला आता लिहिता येते. आज लिहिले नाही, तर उद्या वहीत कोरी जागा राहील.

शब्दांचे अर्थ
बोळवण – पाहुण्याला प्रेमाने निरोप देणे.
फुलोरा – देवीच्या वर टांगायचे तळलेले पदार्थ.
करंडा – हळदकुंकू ठेवायचे भांडे.
ठराव – सभेने मिळून घेतलेला निर्णय.
परिपत्रक – सरकारने सगळ्या कचेऱ्यांना किंवा गावांना पाठवलेले सूचनेचे पत्र.

प्रश्न
१. महालक्ष्म्यांचे तीन दिवस कोणत्या तीन नक्षत्रांवर येतात? ह्या वर्षी ते कोणत्या तारखांना आहेत? कॅलेंडरात पाहून लिहा.
२. सुनेने वहीत दोन ओळींची जागा कोरी का सोडली?
३. हेरवाडच्या ग्रामसभेने काय ठरवले?
४. सासूने कुंकू नको म्हटल्यावर सुनेने आग्रह केला नाही. तिने केले ते बरोबर का? तुमचे मत दोन-तीन ओळींत लिहा.
५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या बाईला एखाद्या सणाची रीत विचारा. ती सांगेल तशी, तिच्याच शब्दांत, एक पान लिहून आणा.