दुर्बिणीची बैठक आणि कोल्हापूरचा ध्रुव

दुर्बीण दृष्टीस पडली म्हणजे विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हिच्यांतून किती मोठें दिसतें ?" ज्यास थोडेंबहुत वाचन आहे तो भिंगाचा व्यास विचारतो. परंतु ती नळी ज्या बैठकीवर बसविलेली असते, तिच्याविषयीं एकाही विद्यार्थ्यानें कधीं कांहीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. याबद्दल त्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण २०२६ च्या जानेवारीपर्यंत आमची स्वतःची समजूतही फारशी निराळी नव्हती.

शाळेच्या जुन्या दुर्बिणीची तिपाई डुगडुगूं लागल्यामुळें तिच्यासाठीं एक नवी बैठक आणविली होती. १० जानेवारी रोजीं गुरु हा ग्रह सूर्याच्या अगदीं समोर येणार होता. म्हणजे सूर्य मावळतांच तो पूर्वेस उगवणार व पृथ्वीच्या पुष्कळ जवळ असणार. वारही शनिवार. ही संधि साधून आम्हीं चाळीस मुलामुलींस रात्रीं आठ वाजतां पटांगणावर बोलाविलें. बैठकीच्या अंगावर अंशांची एक पट्टी कोरलेली होती. तिचा कांटा आपल्या गांवाच्या अक्षांशावर आणावा, असें सोबतच्या पुस्तिकेंत सांगितलें होतें. कोल्हापूरचा अक्षांश सुमारें १६ अंश ४२ कला. परंतु स्क्रू कितीही फिरविला तरी कांटा २५ च्या खालीं उतरेना. "आठ अंशांनीं असें काय बिघडणार आहे ?" असें म्हणून आम्हीं तो तेथेंच आवळला, होकायंत्र पाहून बैठकीचें तोंड उत्तरेस केलें आणि मोटर चालू केली.

बिघडावयाचें तें बिघडलेंच. पहिल्या चार-पांच मुलांनीं गुरूच्या अंगावरील पट्टे पाहिले व आनंदानें ओरडलीं. पुढच्यानें डोळा लावला तों आंत नुसता काळोख ! शोधक दुर्बिणींतून गुरु पुन्हा हुडकून आणावा, तीन-चार मुलांनीं पाहावा, कीं पुन्हा तो निसटलेला. रांगेच्या अगदीं शेवटीं आठवींतील एक मुलगी उभी होती. तिला शेवटच्या एस. टी. नें गांवीं जावयाचें होतें व तिचे वडील फाटकाशीं थांबले होते. तिची पाळी आली तेव्हां आम्ही अंधारांत गुरु धुंडाळीत होतों. ती बराच वेळ थांबली. मग "येते सर," एवढेंच म्हणून निघून गेली. तक्रारीचा एक शब्द ती बोलली असती तर बरें झालें असतें.

आतां हे आठ अंश म्हणजे काय, तें पाहूं.

पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत एक फेरा करिते. त्यामुळें सर्व आकाश तासाला सुमारें १५ अंश, म्हणजे चार मिनिटांस एक अंश, पश्चिमेकडे सरकतांना दिसतें. चंद्राचें बिंब सुमारें अर्धा अंश रुंद आहे. तें दर दोन मिनिटांस आपल्या रुंदीइतकें पुढें जातें. नुसत्या डोळ्यांस ही गति जाणवत नाहीं. परंतु दुर्बीण ग्रहाचें बिंब जितके पट मोठें करिते, तितकेच पट त्याची गतिही मोठी करिते. आमच्या दुर्बिणींत १५० पट दाखविणारें नेत्रभिंग लावलें असतां आकाशाचा जो तुकडा दिसतो तो जेमतेम एकतृतीयांश अंशाचा. मोटर बंद असेल तर तारा तो तुकडा ८० सेकंदांत ओलांडतो, असें आम्हीं वर्गांत फळ्यावर लिहून दिलें होतें. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

साधी बैठक तोफेच्या गाड्यासारखी असते : नळी वरखालीं होते व उजवीडावीकडे फिरते. तारे मात्र आकाशांत तिरपे चालतात. म्हणून असल्या बैठकीवर दोन्ही हात सदैव गुंतलेले. यावर युक्ति अशी कीं, बैठकीचा एक आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर होईल इतका कलता बसवावा. मग पृथ्वी पूर्वेकडे जितकी फिरते तितकीच दुर्बीण त्या एका आंसाभोंवतीं पश्चिमेकडे फिरविली कीं तारा जागचा हलत नाहीं. या आंसास आम्ही ध्रुवाक्ष म्हणूं; कारण त्याचें टोंक आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखलेलें असतें. त्याच्याशीं काटकोनांत दुसरा आंस असतो, तो क्रांतीचा. आकाशाच्या विषुववृत्तापासून तारा किती अंश उत्तरेस किंवा दक्षिणेस आहे, ती त्याची क्रांति.

क्रांति हा शब्द पुस्तकी वाटतो. पण करवीरच्या मुलांस ती वस्तु ओळखीची आहे. महालक्ष्मीच्या देवळांत मावळत्या सूर्याचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोंचतात, तो किरणोत्सव वर्षांतून दोनदां येतो : जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभीं, आणि नोव्हेंबरच्या ९ ते ११ या तारखांच्या सुमारास. दोनदांच कां ? तर या दोन्ही वेळीं सूर्याची क्रांति दक्षिण १७ अंशांच्या जवळपास असते. म्हणून दोन्ही वेळां तो क्षितिजाच्या त्याच जागीं मावळतो. एकदां तो दक्षिणेकडे जात असतो, एकदां परतत असतो, इतकाच भेद.

कलत्या आंसाची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत जयपुरास उभारलेल्या सम्राट्‌यंत्राची उतरती भिंत पृथ्वीच्या आंसाशीं समांतर आहे. म्हणून ती तेथें २७ अंशांनीं चढते व उज्जयिनीच्या वेधशाळेंत २३ अंशांनीं. दुर्बिणीस अशी बैठक घड्याळाच्या यंत्रासह जोडून ती नामांकित केली फ्राउनहोफर यानें, १८२४ सालीं डोरपाट येथील वेधशाळेसाठीं. (हा कांचकाम करणाऱ्याचा पोरका मुलगा. १८०१ मध्यें म्यूनिक येथें तो उमेदवारी करीत असलेलें घर कोसळलें आणि त्याला ढिगाऱ्याखालून जिवंत काढलें. त्या दिवशीं तो सांपडला नसता तर आमची बैठक कोणत्या आकाराची असती, कोण जाणे !) आपल्या पुण्यासही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन्स कॉलेजांत प्राध्यापक नायगमवाला यांनीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालविली होती. तिची २० इंची दुर्बीण डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यांतली. १९१२ सालीं वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. आजच्या फार मोठ्या दुर्बिणी मात्र पुन्हा तोफेच्या गाड्याकडे वळल्या आहेत. खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आणि जुन्नरजवळील गिरवलीची दोन मीटरांची दुर्बीण यांस साधीच बैठक आहे. दोन्ही गति जुळविण्याचें काम संगणक करितो. आमच्यासारख्यांस कलता आंसच स्वस्त.

परंतु कलता म्हणजे किती ? गांवाचा जो अक्षांश, तितकेच अंश ध्रुवबिंदु क्षितिजाच्या वर असतो. डोरपाट येथें तो ५८ अंश उंच, डब्लिनला ५३, दिल्लीस सुमारें २८½, पुण्यास १८½ आणि कोल्हापुरास पावणेसतरा. उत्तरेकडील देशांतील गिऱ्हाईक डोळ्यांपुढें ठेवून घडविलेल्या बैठकीस इतकें वांकण्याची संवय नसते. शिवाय आंस इतका आडवा झाला कीं समतोलासाठीं लाविलेल्या वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडील पायावर आदळतो, ती अडचण वेगळीच.

बैठक उचलून आम्ही उद्यमनगरांत लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. ध्रुव किती उंच, आंस किती वर, हें सारें त्यास खडूनें फरशीवर काढून दाखविलें. त्यानें क्षणभर पाहिलें व म्हणाला, "म्हंजे गडी परमुलखातला हाय. हितं त्येला जरा वाकाय लागंल." आमचें अर्ध्या तासाचें व्याख्यान त्यानें दोन वाक्यांत संपविलें. तिसऱ्या दिवशीं त्यानें नऊ अंशांची एक लोखंडी पाचर व वीतभर उंचीचें एक नळकांडें करून दिलें. नळकांड्यानें बैठक उंच झाली व दांडा पायावर आदळेनासा झाला. पाचरीनें ती उत्तरेकडे नऊ अंश कलली. आतां पट्टीवर २५.७ वाचावें, म्हणजे आंस खरोखर १६.७ वर असतो. येथें एक गैरसमज दूर करूं. बैठक पाणसळींत असलीच पाहिजे असें नाहीं. आंस ध्रुवाकडे असला पाहिजे. पाणसळीनें काम सोपें होतें, इतकेंच.

उंची जमली, दिशा राहिली. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर दाखविते, आंसाची नव्हे. त्यांतून जवळपास लोखंड असलें कीं ती आणखीच बहकते, आणि बैठक तर लोखंडाचीच. ध्रुवतारा पाहून दिशा लावावी म्हटलें, तर तो कोल्हापुरांत इतका खालीं कीं आमच्या पटांगणावरून झाडांआड जातो. म्हणून आम्हीं सूर्यसिद्धांतांत सांगितलेली शंकूची जुनी रीत योजिली. सपाट जमिनीवर एक काठी ओळंब्यांत उभी केली व तिच्या बुंध्याभोंवतीं वर्तुळ काढलें. सकाळीं छायेचें टोंक वर्तुळास जेथें शिवून आंत आलें तेथें एक खूण केली व दुपारनंतर तें जेथें बाहेर पडलें तेथें दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. तिला काटकोनांत काढलेली ती खरी दक्षिणोत्तर. पडताळा म्हणून मध्यान्हींची छायाही पाहिली. आपलें घड्याळ ८२½ रेखांशाचें. कोल्हापूर ७४ अंश १४ कलांवर असल्यामुळें येथील मध्यान्ह ३३ मिनिटें उशिरा. त्यांत जानेवारीअखेर सूर्य स्वतःच आणखी साडेतेरा मिनिटें मागें. म्हणून १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास छाया बरोबर रेषेवर पडावी, आणि ती पडली. (दुर्बीण सूर्याकडे कोणीही वळवूं नये, डोळा कायमचा जाईल. आपणांस छाया पुरे.)

यापुढें बारीक दुरुस्ती ताऱ्यांकडूनच करून घ्यावयाची. ३१ जानेवारीस रात्रीं साडेआठच्या सुमारास रोहिणी कोल्हापूरच्या जवळजवळ डोक्यावर येते. कारण तिची क्रांति उत्तर १६½ अंश, म्हणजे आपल्या अक्षांशाहून किंचितच कमी. आंस बरोबर असेल तर आंसांवरील आंकडे लावून नळी तिकडे केली असतां रोहिणी आपोआप दिसावी. ती अगदीं कडेला कां होईना, पण दिसली. मग साडेनऊच्या आधीं मृगाच्या पोटांतील बाणाचा सर्वांत पश्चिमेकडील तारा मध्यान्हरेषेवर आला. हा तारा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. मोटर चालू ठेवून तो मध्यभागीं आणला व पांच मिनिटें नुसता पाहात राहिलों. असा तारा दक्षिणेकडे सरकला तर आंसाचें टोंक ध्रुवाच्या पूर्वेस आहे असें समजावें, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेस. भिंगांतून उत्तर कोणती हें कळत नसेल, तर नळी हलकेंच ध्रुवाकडे ढकलावी. तारा ज्या कडेकडे जातो ती दक्षिण. उंचीची चूक काढण्यास पूर्वेकडे खालीं असलेली मघा घेतली : तारा उत्तरेकडे सरकला तर आंस फार वर, दक्षिणेकडे सरकला तर फार खालीं. १० जानेवारीस गुरु पूर्वेस होता व दरवेळीं उत्तरेकडेच निसटत होता. तो आम्हांस आमची चूक चार-चार मिनिटांनीं सांगत होता. आम्हांस त्याची भाषा येत नव्हती.

त्या ३१ तारखेस आम्हीं मुलांस पुन्हा बोलाविलें होतें. दुसऱ्या दिवशीं माघी पौर्णिमा. चांदण्यानें बारीक तारे बुजले होते, पण गुरूस त्याची क्षिति नव्हती. आठवींतील ती मुलगी वडिलांच्या मोटारसायकलवरून आली होती. या वेळीं तिला आम्हीं रांगेंत पहिली उभी केली. तिनें डोळा लावला तो लावलाच. मागचीं मुलें कुरकुरूं लागलीं. शेवटीं ती म्हणाली, "हलतच नाही !" एकामागून एक चाळीसही जणांनीं पाहिलें. मध्यें एकदांच काय तो स्क्रूस हात लावावा लागला.

गर्दी पांगल्यावर ती परत आली. "सर, मोटर बंद केली तर ?" आम्हीं बंद केली. वडिलांच्या मोबाइलवरील घड्याळ लावून तिनें गुरु एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास लागणारा वेळ मोजला. तीन वेळां मोजला. दरवेळीं ८७ सेकंदांच्या आसपास.

"फळ्यावर तुम्ही ८० लिहिलं होतं, सर."

आमचे ८० हे विषुववृत्तावरील ताऱ्याचे. गुरूची क्रांति त्या रात्रीं उत्तर २२½ अंशांच्या सुमारास होती. जुन्या गुऱ्हाळाच्या घाण्यास जोडलेली लांब दांडी तिनें आजोळीं पाहिली होती. दांडीचें टोंक आणि तिचा खुंटाजवळचा भाग एकाच वेळीं फेरा पुरा करितात, पण खुंटाजवळचा भाग थोडें अंतर चालतो. आकाशांत खुंटाच्या जागीं ध्रुव. गुरु विषुववृत्ताहून ध्रुवाच्या थोडा जवळ, म्हणून त्याची चाल थोडी मंद. किती मंद, हें काढावयास त्रिकोणमिति लागते व ती तिला अजून दोन वर्षांनीं यावयाची आहे. तोंपर्यंत आम्हीं तिला एकच आंकडा दिला, ०.९२४. सोमवारीं तिनें वही आणून दाखविली : ८० ला ०.९२४ नें भागिलें असतां ८६.६ येतात.