शेंडे, मेंदी आणि घाई

उल्हासनगर कॅम्प २

चि. मनू,

वहिनीचा फोन आला तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. वर काळे आणि शेंड्यांकडे सोनेरी होत जाणारे केस तू घरीच करणार आहेस, आणि त्यासाठी आमच्या कॅम्पातून ब्लीचची सुटी पावडर आणि ४० व्हॉल्यूम पेरॉक्साइडची बाटली नेलीस, असं ती म्हणाली. ऐकीव गोष्टीवरून रागावणं बरं नव्हे. पण हे खरं असेल, तर पत्र पुरतं वाचल्याशिवाय त्या बाटलीचं झाकण उघडू नकोस. आजीने लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी तुझ्या केसांना किती वर्षं लागते आहे, हे तू विसरलीस की काय?

केस रंगवले म्हणजे मुलगी हाताबाहेर गेली, असं मी मानत नाही. पांढऱ्याचे काळे करणाऱ्यांना आपल्याकडे कोणी नावं ठेवत नाही. मग काळ्याचे सोनेरी करणारीलाच का ठेवावीत? माझा आक्षेप रंगाला नाही, घाईला आहे. काळ्यावर फिकट रंग नुसता चढत नाही, आधी काळा काढावा लागतो. कॅम्प ५ मधल्या जीन्सचंच बघ. डेनिमच्या धाग्यावर नीळ बाहेरूनच बसलेली असते आणि आतला कापूस पांढरा असतो. वरची नीळ उतरली की पांढरं आपोआप दिसतं. केसाचं तसं नाही. त्याचा काळा रंग सालीखाली, गाभ्यात पसरलेला असतो. तो काढायला साल उचकटून आत शिरावं लागतं, आणि रंग फोडणारं पेरॉक्साइड केसाला बळ देणारे गंधकाचे बंधही तोडतं. २० व्हॉल्यूममध्ये ६ टक्के पेरॉक्साइड असतं, ४० मध्ये १२ टक्के. दाट काळा केस आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा. पहिल्या खेपेला तो बहुतेक नारिंगीपाशी अडतो. तिथे धीर सुटला की माणूस पुन्हा लेप थापतं, वेळ वाढवतं, आणि केस तिथेच मरतो.

तू म्हणशील, ब्लीच टाळूला लागणारच नाही, शेंड्यांनाच लावायचं आहे. बिघडलं तर कापून टाकीन. यात तथ्य आहे. टाळू वाचते, आणि मुळं वाढली तरी रंगाची रेघ उठून दिसत नाही, म्हणून तर हा प्रकार मुलींना आवडतो. पण शेंडा हा केसाचा सगळ्यात म्हातारा भाग. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या शेपट्याचं टोक चार-पाच वर्षांचं असतं. तेवढ्या वर्षांचं ऊन, बोअरिंगचं पाणी आणि मेंदी त्याच टोकात साठलेली असते. जिथे केस सगळ्यात दुबळा, तिथेच तू सगळ्यात जहाल औषध लावणार. आणि कमजोर केस तुझ्या सोयीच्या ठिकाणी तुटेल याचा काय भरवसा?

म्हणून मी पुन्हा मेंदीवर येते. शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला चिकटून बसतो. ब्लीचने तो सहज निघत नाही, नारिंगी चट्टे राहतात. पाकिटातल्या काही मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली की केस तापतात, कधी धूरही निघतो. कढईतलं लोहसुद्धा पेरॉक्साइडला भडकवतं. शिवाय लहानपणी तुला दम लागायचा. ब्लीचच्या पावडरीतली परसल्फेटं पार्लरमध्ये काम करणाऱ्या बायकांना दमा लावतात, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे. मग बंद मोरीत ती पावडर कालवायची कशाला? डायच्या खोक्यावर स्थानिक भाषेत इशारा हवा, असा आपल्याकडे नियम आहे. सुट्या पुडीवर तर काय मिसळलंय तेही लिहिलेलं नसतं.

पार्लरचा खर्च परवडत नाही, हेही मला समजतं. तर घरीच कर, पण नीट कर. लेबल असलेली पावडर आण, २० व्हॉल्यूमच्या वर जाऊ नकोस. आधी मानेजवळची आतली एक बारीक बट शेंड्यासकट काप आणि तिच्यावर लेप लावून पाहा. बट गरम लागली, धूर निघाला किंवा हिरवट झाली, तर लगेच धू आणि बेत सोड. तसं काही झालं नाही, तर ओली बट हळूच ताण. ताणून पुन्हा आखडली तर केसात जीव आहे. लांबच राहिली तर नाही. ब्लीचनंतर वर लावायच्या रंगाचा ठिपका कानामागे लावून २४ तास थांब, खाज किंवा लाली आली तर तो नको. मग खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, केसांचे चार भाग करून कानाच्या खालूनच सुरुवात कर. ब्रश उभा ओढ, आडवी रेघ पडू देऊ नकोस. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघ, पाकिटावरच्या वेळेपुढे जाऊ नकोस. नारिंगीवर थांबावं लागलं तर थांब. तांबूस-तपकिरी छटाही काळ्यातून छान उतरते, आणि पुढची खेप काही आठवड्यांनी घेता येते.

फार बोलले. आमच्या वेळच्या मुलींना वेणी एक घालायची की दोन, हेसुद्धा घरची माणसं ठरवायची. तेव्हा आम्ही तोंडातून ब्र काढला नाही, त्याची चुटपुट अजून आहे. तू स्वतःच्या केसांचं स्वतः ठरवते आहेस, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. फक्त तुझ्या हौसेपायी तुलाच रडावं लागू नये, एवढंच. बट तपासलीस की कळव. मागच्या केसांना हात पोचत नाही, तेव्हा एकटीने करू नकोस; मला सांग, मी गाडी पकडून बदलापूरला येईन आणि तुझ्यामागे उभी राहून ब्रश धरीन. रंग जमला किंवा फसला, घरात कोणी बोललंच, तर आत्या तुझ्याच बाजूने बोलेल.

तुझीच,
आत्या